पाटीवरचा आकडा कोण ठरवतं?

अलिबागच्या उत्तरेला, थळला, आरसीएफचा खत कारखाना आहे. अमोनिया आणि युरिया बनवताना वायू सारखे तापवावे, निववावे लागतात. ते काम करतो हीट एक्स्चेंजर. बाहेर जाड पत्र्याचं नळकांडं, म्हणजे शेल. आत शेकडो बारीक नळ्या. एक प्रवाह नळ्यांतून, दुसरा नळ्यांच्या बाहेरून. उष्णता इकडची तिकडे जाते, प्रवाह मिसळत नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावर अशी यंत्रं तपासण्यात माझी नोकरी गेली.

वाफ एकाच तोंडातून जोरात शिरली, की समोरच्या नळ्यांवर आदळते. त्या थरथरतात, झिजतात, फुटतात. म्हणून काही शेलभोवती फुगीर कडं बसवतात. वर्कशॉपमध्ये त्याला व्हेपर बेल्ट म्हणतात. वाफ आधी या कड्यात पसरते आणि शेलला पाडलेल्या खाचांतून चहूबाजूंनी सावकाश आत जाते.

नव्या इंजिनिअरांशी माझा वाद होतो तो इथे. ते बेल्टचा बाहेरचा पत्रा मोजतात आणि म्हणतात, ‘‘साहेब, दहा किलो प्रेशरला चालेल.’’ मी म्हणतो, बाकीचा हिशेब कुठाय?

शेलचा आतला व्यास १००० मिमी, दाब १० बार (म्हणजे जवळपास तेच दहा किलो) आणि पोलादाला मान्य ताण १३८ मेगापास्कल धरा. शेलला ३.६ मिमी जाडी पुरते. बेल्टचा व्यास १३०० मिमी असेल, तर त्याला ४.७ मिमी लागते. गंजासाठीची जादा जाडी वेगळी. आता बेल्ट दोन्ही बाजूंनी बंद करणारी सपाट कडी पाहा. रुंदी जेमतेम १५० मिमी. पण गोल पत्रा दाबाने ताणला जातो, सपाट पत्रा वाकतो. ढोबळ हिशेबानेही या कडीला सात मिमीच्या वर जाडी हवी.

उरला खाचांचा शेल. त्याच्या आतबाहेर दाब सारखाच, म्हणून तो फुगत नाही. पण शेलची दोन्ही टोकं दाबामुळे सुमारे ८० टन जोराने बाहेर ढकलली जातात. अर्धा घेर खाचांत गेला असेल, तर उरलेल्या पोलादावर दुप्पट ताण येतो. नळ्याही थोडा भार उचलतात. किती, ते गणितानेच ठरतं. काही ठिकाणी शेल तिथे पूर्णच तोडलेला असतो. मग ती ओढ बेल्टवर येते आणि शिवाय नळ्या-शेलच्या कमीजास्त प्रसरणाने तो वाकत राहतो.

दाबाचं यंत्र फुटलं की काय होतं पाहा. अमेरिकेत ब्रॉकटनच्या बुटांच्या कारखान्यात १९०५ साली बॉयलर फुटून ५८ माणसं गेली. अशा अपघातांनंतरच तिथे एएसएमई या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची संहिता आली. अशा दाबपात्रांसाठीचं आपलं आयएस २८२५ हे मानक १९६९चं. एएसएमईच्या संहितेप्रमाणे चाचणीत पाण्याचा दाब साधारण १.३ पट देतात. पण ती थंड आणि थोडा वेळ चालणारी चाचणी. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याचा परिणाम तिच्यात दिसत नाही.

आमच्याकडे त्यात खारी हवा. इन्सुलेशनखाली ओल धरते, बेल्टच्या तळाशी पाणी साचतं. म्हणून जुन्या यंत्राचा दाब नव्याने ठरवताना अल्ट्रासॉनिक मीटरने कडी, वेल्डजवळचा पत्रा आणि बेल्टचा तळ आधी मोजावा. वरच्या उदाहरणातली कडी झिजून ६ मिमी उरली, तर ती जेमतेम साडेसहा बार सोसेल. बाकीचं यंत्र दहा बारचं असलं, तरी यंत्रावरच्या दाबाच्या पाटीवर साडेसहाच लिहायचे.