सारथी बदलतांना

घरांतील संगणक सुरू केला कीं पुष्कळदां पडद्याच्या कोपऱ्यांत एक लहानशी सूचना उभी राहते: अमुक उपकरणाच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ति तयार आहे, ती बसवावी काय? बहुतेक गृहस्थ दारांत आलेल्या विमा-एजंटास वाटेला लावावें तशी ह्या सूचनेची 'मागाहून पाहूं' म्हणून बोळवण करितात. कांहीं थोडे मात्र नवें तें चांगलेंच ह्या श्रद्धेनें तत्काळ होकार देऊन मोकळे होतात. ह्या दोहों पंथांपैकीं शहाणा कोणता, ह्याचा निवाडा ड्रायव्हर म्हणजे काय हें कळल्यावांचून होणें शक्य नाहीं. आणि तें कळण्यास जलद नेटवर्क कार्डाइतकें चांगलें उदाहरण सांपडावयाचें नाहीं. कारण तेथील काम इतक्या घाईचें आहे, कीं दुसऱ्या एकाद्या उपकरणांत खपून जाईल अशी चूक तेथें सबंध कचेरीचा व्यवहार बंद पाडते.

विंडोज किंवा लिनक्स ह्यांसारखी कार्यप्रणाली ही संगणकांतील सर्व व्यवहाराची मालकीण खरी. पण बाजारांत मिळणाऱ्या शेंकडों कार्डांपैकीं प्रत्येकाची खोड तिला ठाऊक असूं शकत नाहीं. कोणत्या कप्प्यांत कोणता आंकडा घातला म्हणजे कार्ड जागें होतें, आलेला मजकूर तें कोठें ठेवतें, थांब म्हटल्यावर किती वेळानें थांबतें, ह्या गोष्टी कार्ड बनविणारालाच माहीत. त्या सर्व गोष्टी जाणणारी जी आज्ञावली, ती ड्रायव्हर. तिला सारथी म्हटल्यास गैर होणार नाहीं: घोड्यांच्या खोड्या सारथ्याला ठाऊक असाव्या, रथांत बसलेल्या धन्यानें कोठें जावयाचें तेवढें सांगावें. मात्र ह्या रथाची एक विचित्र गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. हा सारथी ओसरीवर बसत नाहीं. तो बहुधा कर्नेल नांवाच्या, कार्यप्रणालीच्या अगदीं गाभाऱ्यांत बसतो. पत्र लिहिण्याची किंवा चित्रें काढण्याची एकादी साधी आज्ञावली बिघडली तर ती तेवढी बंद पडते. सारथी बिघडला तर सगळा संगणकच कोसळूं शकतो. शिवाय घोड्यालाहि स्वतःची थोडी अक्कल दिलेली असते. कार्डाच्या आंतच एक छोटी आज्ञावली सांठविलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. आणि सारथी व घोडा ह्यांचें एकमेकांशीं पटलें पाहिजे, हा एक निराळाच प्रश्न होऊन बसतो.

आतां घाईचा हिशेब. इथरनेट ही पद्धति १९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज ह्यांनीं काढली, तेव्हां तिचा वेग सेकंदाला २९ लक्ष ४० हजार बिट इतका होता. २००२ सालीं १० गिगाबिटचें, म्हणजे सेकंदाला १,००० कोटि बिटांचें मानक ठरलें. २०१० सालीं १०० गिगाबिटचें, २०१७ सालीं ४०० चें आणि २०२४ सालीं ८०० चें. तारेवरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांत घालून पाठवितात. सर्वांत लहान पाकीट ६४ बाइटांचें असतें. त्याच्या आधींची ललकारी व त्याच्या मागची मोकळी जागा धरून त्यास ८४ बाइटांची वाट लागते. ह्या मापानें १० गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला १ कोटि ४८ लक्ष ८० हजार पाकिटें येऊं शकतात. म्हणजे दर ६७.२ नॅनोसेकंदांस एक. तार १०० गिगाबिटची असेल तर दर ६.७२ नॅनोसेकंदांस एक. प्रोसेसरला मुख्य स्मृतींतील एकादी गोष्ट आणवावयाची झाल्यास तेवढ्यासाठींच सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद सहज जातात. एक वस्तु फडताळांतून काढीपर्यंत दारांत दहा पाकिटें पडलेलीं असावीं, असा हा प्रकार आहे.

पाकीट आलें कीं कार्डानें घंटा वाजवावी व प्रोसेसरनें हातांतलें काम टाकून दाराशीं धांवावें, ही मूळची रीत. दिवसांतून दोनदां टपाल येणाऱ्या बिऱ्हाडीं ती ठीक. पण सेकंदाला दीड कोटि पाकिटें येऊं लागलीं म्हणजे घरधन्याचा सारा जन्म दार उघडण्यांतच जाईल आणि एकहि पाकीट फोडून वाचलें जाणार नाहीं. तसें खरोखरच होत असे. २००१ सालीं जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन व अलेक्सेइ कुझनेत्सोव ह्या तिघांनीं लिनक्ससाठीं ह्यावर एक तोड मांडली. घंटा एकदांच वाजावी. मग ती बंद ठेवून सारथ्यानें पेटी रिकामी होईपर्यंत आपण होऊन पाकिटें काढावीं. पेटी रिकामी झाली म्हणजे घंटा पुन्हां चालू करावी. युक्ति अगदीं साधी आहे. आज लिनक्समधील जलद कार्डांचे सारथी त्याच रीतीनें चालतात.

दुसरा उपाय म्हणजे प्रोसेसरचें काम कार्डाच्या गळ्यांत घालणें. मोठा मजकूर पाकिटांत वांटणें, प्रत्येकावर तपासणीचा आंकडा टाकणें, आलेलीं लहान पाकिटें एकत्र करून मोठें करणें, हीं कामें आतां कार्डच करितें. वेग वाढतो ह्यांत शंका नाहीं. पण कार्डाला जेवढी अक्कल द्यावी, तेवढ्या त्याला चुका करण्याच्या जागाहि मिळतात. नेटवर्क कार्डांच्या ज्ञात दोषांच्या याद्या चाळल्यास अमुक सोय बंद करून पाहावी, हा सल्ला त्यांत वारंवार आढळतो तो ह्यामुळेंच. उदाहरणार्थ, पाकिटें एकत्र करण्याची सोय स्वतःसाठीं मजकूर घेणाऱ्या संगणकावर उत्तम चालते. परंतु जो संगणक आलेलीं पाकिटें पुढें दुसऱ्याकडे रवाना करितो त्याच्यावर ती घातक ठरते, कारण टपालघरानें लोकांचीं पाकिटें फोडून एका लखोट्यांत कोंबावीं तसें होतें.

इंटेल कंपनीच्या २०१४ पासून विकल्या गेलेल्या एक्स७१० ह्या कार्डांची कथा तर गमतीची आहे. सारथी कुटिल हेतूनें वागूं लागल्यास तें ओळखण्याची शक्ति ह्या घोड्याला दिलेली होती. पण कित्येक ठिकाणीं सरळमार्गी सारथ्यानें दिलेली आज्ञाहि त्याला संशयास्पद वाटूं लागली. तो सारथ्यावर आरोप नोंदवी आणि काम थांबवी. पाकिटें वांटण्याची सोय बंद करणें आणि सारथी व फर्मवेअर दोन्हीं नवीं बसविणें, हा त्यावर पुष्कळांनीं केलेला उपाय. दोन्हीं हा शब्द येथें महत्त्वाचा. फर्मवेअर नवें आणि ड्रायव्हर जुना असा जोड जमला, तर ह्या कार्डाचा ड्रायव्हर तशी तक्रार स्वतःच नोंदवून ठेवतो.

परंतु कार्डाचा दोष आणि सारथ्याचा दोष ह्यांत फरक करणें किती अवघड असतें, हें २००८ सालच्या एका प्रसंगावरून जसें कळतें तसें दुसऱ्या कशानेंहि कळणार नाहीं. त्या वर्षीं लिनक्सच्या कर्नेलची २.६.२७ ही आवृत्ति तयार होत होती. सप्टेंबरच्या सुमारास तिची चांचणी घेणाऱ्यांकडून विलक्षण तक्रारी येऊं लागल्या. इंटेलचें कार्ड असलेले त्यांचे संगणक एकाएकीं नेटवर्कवरून नाहींसे होत. संगणक बंद करून पुन्हां चालू केला तरी उपयोग नाहीं. जुनी आवृत्ति परत बसविली तरी नाहीं. कार्डावर एक लहान स्थायी स्मृति असते. तींत कार्डाचा पत्ता व त्याच्या साऱ्या मांडणीचे आंकडे लिहिलेले असतात. तीच कोणीतरी खराब करून टाकीत होतें. सामान्य दोषानें संगणक कोसळतो व पुन्हां उभा राहतो. येथें पदरचें कार्डच जात होतें. साहजिकच संशय ई१०००ई नांवाच्या ड्रायव्हरवर गेला. उबुंटूनें आपल्या चांचणीच्या आवृत्तींत त्यास बंदी केली, इतरांनीं आपल्या चांचणी करणारांना धोक्याचा इशारा दिला. इंटेलच्या अभियंत्यांनीं त्या स्मृतीला कुलूप घालणारी दुरुस्ती घाईघाईनें केली. पण चोर कोण, तें कळेना.

चोर दुसराच निघाला. कर्नेलमध्यें एफट्रेस नांवाची एक नवी सोय आली होती. कर्नेलचें कोणतें काम केव्हां चालतें ह्याची टेहळणी करणें हा तिचा उद्देश. त्यासाठीं ती प्रत्येक कामाच्या आरंभीं असलेल्या एका खुणेचा पत्ता टिपून ठेवी व मागाहून तेथें जाऊन ती खूण बदली. आतां कर्नेलचे कांहीं भाग फक्त आरंभीं लागतात. नंतर ते काढून टाकून ती जागा दुसऱ्यास देतात. एफट्रेसच्या यादींत मात्र जुने पत्ते तसेच राहिले. चाळ पाडून त्या जागीं दारूगोळ्याचें कोठार बांधलें असतांना म्युनिसिपालिटीच्या कारकुनानें जुनी यादी घेऊन बिऱ्हाडकरूंची दारें ठोठावावीं, तसें झालें. कारण त्या मोकळ्या झालेल्या पत्त्यांवर कधीं कधीं ई१०००ई आपल्या कार्डाची स्थायी स्मृति मांडून ठेवी. जुनी खूण तेथें आहे का, असें एफट्रेस पाही. नाहीं असें दिसल्यास ती निमूट परत फिरेल, अशी तिच्या कर्त्यांची समजूत. परंतु त्यासाठीं तिनें वापरलेली प्रोसेसरची आज्ञा अशी, कीं तुलना फसली तरी ती होतें तेंच पुन्हां लिहून ठेवते. साध्या स्मृतींत असें लिहिल्यानें कांहींच बिघडत नाहीं. कार्डाच्या स्मृतींत लिहिणें म्हणजे तिला आज्ञा देणें होय. ऑक्टोबरमध्यें हें उघडकीस आलें आणि ९ ऑक्टोबरला प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीपाठोपाठ थोड्याच दिवसांत २.६.२७.१ काढून ती सोय बंद करण्यांत आली. ज्याच्यावर आळ आला होता तो ड्रायव्हर त्या गुन्ह्यापुरता निर्दोष ठरला; त्याचा अपराध इतकाच, कीं आपली तिजोरी त्यानें उघडी ठेविली होती.

सारेच दोष ड्रायव्हर बदलून जात नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. इंटेलच्याच आय२२५ ह्या अडीच गिगाबिटच्या, घरगुती संगणकांत बसणाऱ्या चिपेच्या पहिल्या घडणींत दोन पाकिटांमधील मोकळ्या जागेचा हिशेब चुकला होता. २०२० सालीं तो बभ्रा झाला. कांहीं स्विचांबरोबर पाकिटें हरवत व वेग कोसळे. ड्रायव्हर काय करणार? तार एका गिगाबिटवर चालवावी हा तात्पुरता तोडगा, आणि खरी दुरुस्ती म्हणजे नव्यानें घडविलेली चिप. घरच्या माणसास असा दोष दिसतो तो केवळ मंदपणाच्या रूपानें, कारण हरवलेलें पाकीट संगणक पुन्हां मागवून घेतो. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें ज्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पसरलेल्या आहेत, तेथील गोष्ट निराळी. आकाशांतून आलेला संदेश अंकांत उतरवून १० गिगाबिटच्या इथरनेटवरून संगणकांकडे धाडला जातो. तेथें पाकीट गळलें तर तें पुन्हां मागवावयाचें कोणाकडून? ताऱ्यानें तें एकदांच पाठविलेलें असतें.

नव्या आवृत्तीबरोबर जें टिपण येतें त्याचे ठळक भाग दोन: कोणते दोष दुरुस्त केले तो एक, आणि कोणते ठाऊक असून अद्याप राहिले आहेत तो दुसरा. हा दुसरा भाग वाचण्याची तसदी फारच थोडे घेतात, आणि वस्तुतः वाचण्यासारखा तोच असतो. मार्च २०१८ मध्यें मायक्रोसॉफ्टनें विंडोज ७ व विंडोज सर्व्हर २००८ आर२ ह्यांसाठीं जी सुधारणा काढली, तिच्या ज्ञात दोषांत पुढें एक असा नोंदविला गेला, कीं ती बसविल्यावर जुन्या नेटवर्क कार्डाच्या जागीं नवें कोरें कार्ड उत्पन्न होईल आणि हातानें दिलेला कायमचा पत्ता नाहींसा होईल. ज्यानें तें टिपण पाहिलें त्यानें पत्ता आधीं लिहून ठेविला. ज्यानें पाहिलें नाहीं त्याचा सर्व्हर चालू असूनहि कोणालाच सांपडेना.

म्हणून मोठ्या कचेऱ्यांतून नवा सारथी प्रथम एकाच यंत्रावर बसवून कांहीं दिवस पाहतात. १९ जुलै २०२४ रोजीं जें घडलें त्यांत नेटवर्क कार्डाचा संबंध नव्हता. पण क्राउडस्ट्राइक कंपनीच्या, गाभाऱ्यांतच बसणाऱ्या संरक्षक आज्ञावलीकडे एकाच वेळीं सर्वत्र धाडलेल्या एका सदोष फायलीनें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लक्ष संगणक कोसळले, आणि मुंबईच्या विमानतळावरहि विमानकंपन्यांना कांहीं वेळ हातानें कारभार चालवावा लागला. दुसरी काळजी अशी, कीं दूरच्या यंत्राचें नेटवर्क कार्ड त्याच नेटवर्कवरून बदलूं नये. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्यासारखें तें आहे. तेथें कोणीतरी प्रत्यक्ष हजर असावें किंवा यंत्राशीं बोलण्याचा निराळा मार्ग असावा.

घरगुती संगणकास एवढा बडिवार लागत नाहीं. सुरक्षिततेची त्रुटि बुजविणारी आवृत्ति असेल तर ती टाळूं नये. केवळ वेग वाढविल्याची जाहिरात असेल आणि नेटवर्क सुरळीत चालत असेल, तर महिनाभर थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं. ड्रायव्हर घ्यावयाचा तो संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या किंवा कार्यप्रणालीच्या स्वतःच्या भांडारांतून. 'तुमचे सर्व ड्रायव्हर फुकट सुधारून देतों' म्हणणाऱ्या आगंतुकाकडून कधींहि नाहीं. विंडोजमध्यें डिव्हाइस मॅनेजर ह्या ठिकाणीं जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय असते, ती कोठें आहे तेवढें पाहून ठेवावें. आणि सबंध कार्यप्रणालीच नव्यानें बसवावयाची असेल, तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधींच पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. कारण तो नसला म्हणजे नेटवर्क चालत नाहीं, आणि नेटवर्क चालत नाहीं तोंवर तो मिळवावा कोठून, ह्या विवंचनेंत शेजाऱ्याच्या संगणकाकडे धांव घ्यावी लागते.