गेली, आली!

पावसाळी रात्री दिवे क्षणभर जातात आणि ‘गेली’ म्हणेपर्यंत परत येतात. आपण करवादतो, पण तेवढ्यात लाइनवरचा एक दोष परस्पर निस्तरलेला असतो. खांबावरच्या ज्या पेटीनं तो निस्तरला, तिचं नाव ऑटो रिक्लोजर.

उपकेंद्रातून गावाकडे निघणारी ११ केव्हीची लाइन, म्हणजे फीडर, बहुधा उघड्या तारांची. वाऱ्यानं झावळी तारांवर टेकली की दोन तारांमध्ये आर्क पेटतो. झावळी जळून खाली पडते, आर्क मात्र विझत नाही. तापलेल्या हवेतूनच आता वीज वाहत असते. पुरवठा क्षणभर तोडला, की हवा निवते आणि तारा पुन्हा चालवता येतात. उघड्या लाइनवरचे बहुतेक दोष असेच तात्पुरते असतात.

रिक्लोजरचा रिले तारेतला करंट सतत मोजतो. करंट मर्यादेबाहेर गेला की निर्वात नळीतले दोन कॉन्टॅक्ट जेमतेम सेंटीमीटरभर दूर होतात. आपला ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तशाच एका शून्याला तो तुटतो. थोडं थांबून रिक्लोजर लाइन चार्ज करून पाहतो, म्हणजे तिच्यात पुन्हा वीज सोडून ट्रायल घेतो. दोष तसाच असेल तर पुन्हा ट्रिप, पुन्हा ट्रायल. ठरलेल्या ट्रायल संपल्या की लॉकआउट. मग लाइनमननं फांदी शोधायची.

पहिल्या खेपेला रिक्लोजर झटकन ट्रिप होतो, नंतर बहुधा मुद्दाम रेंगाळतो. दोष एखाद्या फाट्यावर असेल तर तेवढ्या अवधीत तिथला डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज उडतो आणि त्याची नळी खाली लोंबकळते. लाइनमनला ती जमिनीवरूनच दिसते. बाकी फीडर चालू राहतो.

दिवा न जाता नुसता मंदावला, तर दोष बहुधा शेजारच्या फीडरवर असतो. तिकडे जबर करंट ओढला जातो, उपकेंद्रातलं व्होल्टेज खाली बसतं आणि तो फीडर ट्रिप होताच सावरतं.

जमिनीखालच्या केबलवर सहसा ट्रायल घेत नाहीत. तिथलं इन्सुलेशन एकदा फुटलं की फुटलं; पुन्हा चार्ज केलं तर नुकसान वाढतं.

रिक्लोजरला फक्त करंट कळतो. तारेवर फांदी पडली की तारच तुटून रस्त्यावर आली, हे त्याला दिसत नाही. कोरड्या खडकाळ जमिनीवर पडलेली तार तर इतका कमी करंट ओढते, की रिलेला पत्ताही लागत नसेल. म्हणून ठिणगी दिसो वा न दिसो, पडलेल्या तारेच्या जवळ जाऊ नये, कुणाला जाऊ देऊ नये आणि लांबूनच १९१२ ला फोन लावावा.