वजन भरतंय का?

शहरात किशोरवयीन मुलांच्या वजनाची चर्चा ‘कमी कसं करायचं’ इथून सुरू होते. पालघर जिल्ह्यातल्या रानशेत गावात आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आधी विचारायला हवं ते हे, की वजन वयाप्रमाणे भरतंय का.

नुसता किलोचा आकडा फसवा असतो. वय, उंची, वजन एकत्र पाहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या तक्त्यांनुसार १५ वर्षांच्या, १५० सेंटिमीटर उंच मुलीचं वजन साधारण ३६ ते ५३ किलो असेल, तर ते योग्य. मोठ्यांचा बीएमआय निकष या वयाला लावूच नये.

उपाय बरेचसे घरातच आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. भातासोबत उडीद किंवा तुरीचं वरण, सुकट, अंडं असलं की प्रथिनं मिळतात. चिप्सच्या पुडीतून मीठ आणि तेल मिळतं, वाढ नाही. वजन जास्त असलेल्यांनीही उपाशी राहू नये. पुड्या व सरबतं सोडावीत, रोज तासभर खेळावं.

आठवड्याची लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, जंताची गोळी वर्षातून दोनदा. मुलींनी तर चुकवूच नये.

वजन कारण नसताना घटत असेल, खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर थांबू नका. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.