सायकल, मिरची आणि पंधरा किलो

सीन असा आहे. नोकरी पुण्यात, घर भिवापूरला. लाँग वीकेंडचं पुणे-नागपूर विमानाचं तिकीट ऑफरमध्ये मिळालंय आणि हौसेनं घेतलेली फोल्डिंग सायकल बाल्कनीत धूळ खातेय. मग डोक्यात किडा वळवळतो. सायकल सोबत घ्यायची, नागपूर एअरपोर्टहून मेट्रोनं शहरात, गणेशपेठहून एसटीनं उमरेड आणि तिथून पुढचे तिसेक किलोमीटर पॅडल मारत थेट घरच्या दारात! प्लॅन जाम भारी आहे. फक्त तो चेक-इन काउंटरच्या वजनकाट्याला पटला पाहिजे.

काट्याचा आकडा एकच, १५. देशातल्या विमानांत इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर बहुतेक एअरलाइन्स चेक-इनला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो देतात. एअर इंडियावाले एकेकाळी २५ किलो देऊन लाड करायचे. त्यांनीही मे २०२४ मध्ये स्वस्तातल्या तिकिटांना १५ वर आणून ठेवलं. आता बेरीज करा. फोल्डिंग सायकल म्हणजे हलकी, हा आपला एक लाडका गैरसमज. ती लहान होते, हलकी होत नाही. बिजागऱ्या, क्लॅम्प, लांबलचक सीटपोस्ट हे सगळं वजन वाढवतं. साधारण १२ ते १५ किलो धरून चाला. बारा किलोची सायकल, दोन किलोची पॅडिंगवाली बॅग, झाले चौदा. उरला एक किलो. त्यात काय ते कपडे बसवा.

आणि इथेच खरी गोची आहे. सायकलची काळजी म्हणून कडक केस घ्यावी, तर ती एकटीच चार-पाच किलो खाते. म्हणजे सायकल जितकी सेफ, तितका तुमचा खिसा अनसेफ! एक्स्ट्रा वजनाचे पैसे किलोमागे काही शे रुपये होतात, आणि काउंटरवर ते सगळ्यात महाग पडतात. तीन किंवा पाच किलोचं पॅक आदल्या दिवशी ऑनलाइन घेऊन टाका. काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालून आजवर कुणाचं वजन कमी झालेलं नाही.

वजनाबरोबर मापही बघतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर, हा बऱ्याच एअरलाइन्सचा फंडा. १६ इंची चाकांची ब्रॉम्प्टन घडी घातल्यावर १४२ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे ती आरामात पास. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या २० इंची चाकांच्या सायकली मात्र घडी घालूनही पावणेदोनशेच्या घरात जातात. त्यामुळे शोरूममध्ये ‘फोल्ड होते’ एवढ्यावर खूश होऊ नका, टेप घेऊन जा. काही एअरलाइन्स सायकल म्हटली की स्पोर्ट्स इक्विपमेंटची वेगळी फी लावतात. तिकीट काढण्याआधी त्यांच्या साइटवर तो नियम वाचलेला बरा.

हातात घेऊन केबिनमध्ये? विसरा. ब्रॉम्प्टननं २०२२ मध्ये टायटॅनियमची ‘टी लाइन’ काढली, ती साडेसात किलोच्या आसपास. लाखांत किंमत मोजूनही ती सात किलोत बसत नाही, मापात तर नाहीच. ई-बाइक असेल तर विषयच संपला. १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या बहुधा त्याच्या पुढेच असतात.

पॅकिंगचं म्हणाल तर कपडे हेच पॅडिंग करा. जीन्स फ्रेमला, टी-शर्ट गिअरच्या बाजूला. बुटांची जोडी आणि जॅकेट अंगावर, पाना-पेचकस चेक-इनमध्ये. टायरमधली हवा थोडी काढा. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे टायर फुटायचा नाही. पण स्टाफ विचारतोच, तर वाद कशाला? निघताना सायकलचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. काउंटरवर टॅगवर सही मागितली तर आधी वाचा. तुटफुटीची जबाबदारी आमची नाही, असं त्यावर लिहिलेलं असू शकतं.

इतकी यातायात करायची, तर भिवापूरला करावी. नागपूर-नागभीडची छोटी नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. तेव्हापासून गावात उतरण्याची ती मजा गेली, आणि उमरेडनंतरचा सायकलरस्ता ती थोडी तरी परत देतो. फक्त थंडीत जा. एप्रिल-मेमध्ये विदर्भात दुपारी सायकल काढणं म्हणजे वेडेपणा. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य शेजारीच आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत घरी पोचा. उमरेडच्या कोळसा खाणींमुळे रस्त्यावर ट्रकही असतात, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

राहिली परतीची वाट. भिवापूरहून कोणी रिकाम्या हाताने येतं का? जीआय टॅगवाली भिवापुरी मिरची ऑफिसमध्ये निम्म्या लोकांनी मागवलेली असते, आणि आई आपल्या मनानं दोन किलो वर घालते. वाळली मिरची वजनाला कमी, पण जागा खाते प्रचंड. तिखटाची पुडी हातातल्या बॅगेत तर ठेवूच नका, सिक्युरिटीला काढून ठेवतात. उरलेल्या एका किलोत मिरची बसवा, कपडे बसवा आणि आईला सांगा, ‘एवढंच दे.’ जमणार आहे?

म्हणून माझं मत विचाराल तर जाताना विमान, येताना ट्रेन. रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टिअर एसीला ४० किलो सामान फुकट. नागपूरहून रात्रभराचा प्रवास. घडी घातलेली, कव्हरमधली सायकल बर्थखाली नाही मावली तर पायथ्याशी उभी करा आणि मिरचीचं पोतं डोक्याशी घ्या. शेजारचे शिंकायला लागले तर मूठभर त्यांनाही द्या.