उनकेश्वराचें ऊन पाणी

देगलूरच्या मुलांस दगडी देवळांचें नवल नाहीं. होट्टल आपल्या तालुक्यांतच आहे, आणि तेथील सिद्धेश्वराच्या भिंतींवरील कोरीव मूर्ति ज्यानें पाहिल्या नाहींत असा मुलगा आमच्या वर्गांत क्वचितच सांपडेल. तरी उनकेश्वरास एक दिवसाची सहल काढण्यापूर्वीं एका शनिवारीं आम्ही वर्ग होट्टलासच नेला. पडकें देऊळ पाहावें कसें, हें आधीं शिकावें, एवढाच हेतु होता.

तेथें पहिला प्रश्न नांवाचा निघाला. चुन्यावांचून दगडावर दगड बसवून उभारलेलें कोणतेंही जुनें देऊळ आपल्याकडे ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखलें जातें. परंतु हेमाद्रि पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. होट्टलचीं देवळें कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानींतलीं, त्याच्याहून शंभराहून अधिक वर्षांनीं जुनीं. जो जन्मलाहि नव्हता त्याच्या नांवावर हें काम मांडणें हा त्या अनाम पाथरवटांवर अन्याय होय. चालुक्यांची ती कल्याणी म्हणजे शेजारच्या बीदर जिल्ह्यांतलें आजचें बसवकल्याण. त्यांच्या दरबारीं कानडीचा मान मोठा, म्हणून आपल्या भागांतील त्या काळचे पुष्कळ लेख कानडी व संस्कृत भाषेंत आहेत. ज्यांच्या घरीं कानडी बोलतात त्या दोन-तीन मुलांचे चेहरे हें ऐकून कसे उजळले, तें पाहण्यासारखें होतें.

देवळें पडतात तीं शत्रूच्या घणानेंच असें नव्हे. पाया खचतो, सांध्यांत पिंपळाचें बीं रुजतें आणि मूळ जाड होतां होतां चिरा बाहेर ढकलतें. उरलेलें काम आपण करतों. घडीव दगड दिसला कीं तो गोठ्याच्या पायरीस बसवितों!

उनकेश्वर किनवट तालुक्यांत पैनगंगेच्या कांठीं आहे. पल्ला लांबचा, म्हणून पहांटेच्या अंधारांतच निघालों. येथेंहि शिवाचें जुनें देऊळ आहे, परंतु येथील शिलालेख मराठी आहे, आणि तो रामचंद्र यादवाच्या काळचा, म्हणजे ज्ञानेश्वरी ज्या पिढींत लिहिली गेली त्याच पिढींतला. येथें कोणीं हेमाद्रीचें नांव घेतलें तर माझी तक्रार नाहीं.

स्थळाची कथा अशी सांगतात कीं, येथें शरभंग ऋषींचा आश्रम होता. ऋषींस कुष्ठ झालें होतें, आणि प्रभु रामचंद्रांनीं बाण मारून त्यांच्यासाठीं भूमींतून ऊन पाणी काढिलें. नांवांतच ‘ऊन’ आहे. कोंकणांतील उन्हवरें, राजापूरजवळचें उन्हाळें, खानदेशांतील उनपदेव हीं सारीं त्याच शब्दाचीं भावंडें. आपल्या पूर्वजांनीं ऊन पाण्याच्या जागा जणूं नांवांनींच नोंदवून ठेविल्या आहेत.

कुंडांत हात घालतांच मुलांनीं विचारलें, “गुरुजी, खालीं ज्वालामुखी आहे काय?” नाहीं. ज्या लाव्ह्यानें दख्खनचें पठार घडविलें तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. त्याची ऊब केव्हांच निवाली. खरें कारण याहून साधें आहे. पृथ्वीच्या पोटांत तिच्या जन्मकाळची उष्णता अद्याप शिल्लक आहे, आणि खडकांतील किरणोत्सारी द्रव्यें तींत सतत भर घालितात. त्यामुळें जमिनीखालीं दर किलोमीटरास उष्णता साधारणपणें २५ ते ३० अंशांनीं वाढते. पावसाचें पाणी खडकाच्या भेगांतून खोल झिरपतें, तेथें तापतें, आणि मोठी चीर सांपडली कीं वाटेंत निवण्यास अवकाश न मिळतां वर येतें. साधी विहीर तेवढी खोल नसते, म्हणून तिचें पाणी ऊन नसतें. तापलेलें पाणी खडकांतले क्षार सोबत आणितें. गंधकाचा वास येतो तोहि त्यांतलाच.

आतां पालकांसाठीं एक गोष्ट लिहितों. कुंडाच्या पायरीवर एक वयस्क शेतकरी पाय सोडून बसले होते. त्यांच्या तळव्यांत कांटा मोडून मोठी जखम झाली होती. एका मुलानें विचारलें, “मामा, दुखत नाहीं का?” ते शांतपणें म्हणाले, “नाहीं बाळा, दोन वर्षं झालीं, या पायाला कांहीं लागतच नाहीं.” पोटरीवर फिकट चट्टा होता. ते दर महिन्यास स्नानास येत असत.

आमच्या शास्त्रांत नामान सेनापति यार्देनेंत सात वेळां बुडून शुद्ध झाल्याची कथा आहे; तेव्हां पाण्यावर श्रद्धा ठेवणारास हंसण्याचा अधिकार मला तरी नाहीं. गंधकानें खरजेस उतार पडतो हेंहि खरें; गंधकाचें मलम त्याकरितांच वापरतात. परंतु कुष्ठाचा जंतु निराळा. हान्सेन नांवाच्या नॉर्वेच्या वैद्यानें तो १८७३ सालीं शोधून काढिला. तो मज्जातंतूंत जाऊन बसतो, तेथवर स्नानाचें पाणी पोंचत नाहीं. उलट ज्या पायास चटका कळत नाहीं, त्यास ऊन पाण्याचा धोकाच अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं सुचविलेल्या, दोन-तीन औषधें एकत्र देण्याच्या उपचारानें हा रोग हटकून बरा होतो. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, अधिक असतील तर बारा. सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळतें. मात्र मेलेली संवेदना औषधानें नेहमीं परत येत नाहीं, आणि वांकडीं झालेलीं बोटें औषधानें सरळ होत नाहींत. म्हणून बधिर चट्टा दिसतांच जावें, लाजेनें एक वर्षहि दवडूं नये.

हें सारें मीं त्यांच्याजवळ बसून सांगितलें. त्यांनीं दवाखान्याचा वार विचारून घेतला. पुढें ते गेले कीं नाहीं, मला कळलें नाहीं. त्या मुलानें आपल्या रुमालानें त्यांची जखम बांधली, आणि परततांना तो मोटारींत फारसा बोलला नाहीं.

दुसऱ्या एकानें घरीं दाखविण्याकरितां बाटलींत कुंडाचें पाणी भरून घेतलें होतें. रात्रीं देगलुरांत उतरून त्यानें ती उघडली, तों पाणी गार झालें होतें आणि वासहि उडून गेला होता. आजीनें तें अंगणांतल्या तुळशीस घातलें, असें तो दुसऱ्या दिवशीं सांगत होता.