मोटारीच्या टाकीतील मद्यार्क

जबलपूर जिल्ह्यातील पाटन तहसील गहू, धान आणि हिरवा मटार पिकविणारी आहे. येथील एखाद्या शेतकरी कुटुंबाने मोटार घेतली व पंपावर तिची टाकी भरली, तर आज त्या टाकीतील सुमारे पाचवा हिस्सा पेट्रोल नसून इथेनॉल, म्हणजे शेतमालापासून काढलेला निर्जल मद्यार्क असतो. शेतात पिकलेली वस्तू मोटारीत जळावी, हे कितपत हितावह आहे, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने करणे अगत्याचे आहे.

ही कल्पना नवी नव्हे. इंधनी मद्यार्कासंबंधीचा कायदा आपल्या देशात १९४८ सालीच झाला होता. तो पुढे २००० साली रद्द करण्यात आला. २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड येथे मिश्र इंधनाचा प्रयोग झाला आणि २००३ पासून काही राज्यांत शेकडा ५ मिश्रण सुरू झाले. २०१४ मध्ये प्रत्यक्ष प्रमाण शेकडा दीडच्या आसपास होते. ते २०२२ मध्ये १० वर व २०२५ मध्ये २० वर पोहोचले.

प्रथम लाभ पाहू. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येते. जितके इथेनॉल मिसळावे तितके परकीय चलन वाचते आणि तो पैसा देशातील कारखान्यांच्या द्वारे शेतकऱ्याकडे वळतो. साखर कारखान्यात उरणाऱ्या मळीला यामुळे निश्चित गिऱ्हाईक लाभले. शिवाय इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा अधिक असल्याने इंजिनात अवेळी ज्वलन होऊन ठोके पडण्याचा दोष कमी होतो, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडही घटतो.

आता दुसरी बाजू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच उष्णता असते. मिश्रणात त्याचा पाचवा भाग आहे. म्हणजे एकंदर उष्णता सुमारे पंधराव्या हिश्शाने कमी झाली. शुद्ध पेट्रोलवर ज्या प्रवासाला १० लिटर लागत, त्याला आता हिशेबाने पावणेअकरा लिटरच्या जवळपास लागावेत. निती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये जुन्या घडणीच्या चारचाकी गाड्यांसाठी शेकडा ६ ते ७ इतकीच घट सांगितली होती. नव्या मिश्रणासाठी जुळविलेल्या इंजिनांत ही घट कमी असते. मात्र पंपावरील भाव त्या मानाने उतरलेला नाही. कारण इथेनॉलही स्वस्त नाही: २०२४–२५ च्या हंगामात मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दर ठरला होता.

दुसरा दोष असा की मद्यार्क पाणी शोषून घेतो. टाकीत पावसाचे पाणी शिरले, तर पाणी व मद्यार्क एकत्र होऊन तळाशी बसतात आणि गाडी बंद पडते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वळी यांनाही तो सोसवत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र शेताचा आहे. त्याच समितीच्या हिशेबाप्रमाणे उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. २०२३ च्या डिसेंबरात साखरेची टंचाई होईल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने निर्बंध घातला. तो २०२४–२५ च्या हंगामासाठी उठविण्यात आला. दरम्यान भार मक्यावर आला. मका हे कोंबड्यांचे मुख्य खाद्य. त्याची मागणी इतकी वाढली की, एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागला. तेलाची आयात टाळण्यासाठी धान्याची आयात वाढू लागली, तर लाभाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

म्हणून मिश्रणाचे प्रमाण वाढविण्यापेक्षा ते कशापासून तयार होते, याला अधिक महत्त्व आहे. मळी, खराब झालेले धान्य व शेतातील काडीकचरा यांपासून मिळणारे इथेनॉल कोणाच्या ताटातील घास घेत नाही. आणि गाडीधारकाने एवढे करावे: एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असल्यास तिच्या पुस्तिकेतील इंधनाची सूचना वाचावी, रबरी नळ्या कारागिराकडून तपासून घ्याव्यात, टाकीचे झाकण घट्ट ठेवावे आणि पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.