काटा शून्यावर आहे, मग हात लावू का? ॲनालॉग मल्टिमीटर आणि मोजमापाची शिस्त

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या एका विद्यार्थ्याने परवा कपाटातून काट्याचा मल्टिमीटर बाहेर काढला आणि विचारलं, "ताई, हा अजून कोणी वापरतं का?" मी म्हटलं, वापरतात, आणि मोजमाप म्हणजे काय ते मला यानेच शिकवलं. तेही लॅबमध्ये नाही, भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात. आजचा लेख त्याबद्दलच आहे. तुम्ही नेट-सेटचा अभ्यास करत असाल, पीएचडीला प्रवेश घ्यायच्या तयारीत असाल किंवा नुकतेच लॅबमध्ये बसायला लागला असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

गाळ्यातली गोष्ट

भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचे छोटे छोटे कारखाने बरेच आहेत. माझ्या मामांचाही तसाच एक गाळा आहे. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत गाळ्यावर गेले तर एक छोटं बफिंग मशीन बंद पडलेलं. सिंगल फेज मोटर. वायरमन गावाला गेलेला. मी फिजिक्सवाली, म्हणून मीटर माझ्या हातात आला. गाळ्यातल्या पोराने स्विच बंद केला. मी नॉब २५० व्होल्टवर आणला आणि दोन्ही प्रोब टर्मिनलला लावले. काटा शून्यावर. मी म्हटलं, "मामा, सप्लाय नाहीये. खोलू या."

मामांनी पक्कड हातात घेतली आणि थांबले. "थांब गं. तो पंखा फिरतोय ना, त्याच्या सॉकेटवर लाव आधी."

मी लावला. तिथेही शून्य! पंखा समोर फिरत होता आणि माझा मीटर सांगत होता की वीज नाही.

चूक माझी होती. या मीटरच्या डायलवर २५० हा आकडा दोनदा लिहिलेला असतो, एकदा डीसीच्या बाजूला आणि एकदा एसीच्या बाजूला. माझा नॉब डीसीच्या २५० वर होता. एसीवर आणून पुन्हा मोटरच्या टर्मिनलला लावला, तर काटा २३० च्या जवळ गेला. पोराने शेजारच्या मशीनचा स्विच बंद केला होता. मामा त्या दिवशी थांबले नसते तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही टाळते.

काटा शून्यावर का राहिला?

हे समजायला मीटरच्या आत डोकवावं लागेल. आत एक कायमचा चुंबक असतो आणि त्याच्या क्षेत्रात अगदी बारीक तारेची कॉईल. कॉईलमधून करंट गेला की तिच्यावर बल येतं आणि ती फिरते. बारीक स्प्रिंग तिला मागे ओढते. दोघांची बरोबरी होते तिथे काटा थांबतो. करंटची दिशा उलटली की कॉईल उलट्या बाजूला ढकलली जाते.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ५० वेळा पूर्ण चक्र. अर्ध्या चक्रात कॉईल उजवीकडे ढकलली जाते, पुढच्या अर्ध्यात डावीकडे. काट्याला वजन आहे, जडत्व आहे, तो इतक्या वेगाने धावू शकत नाही. तो सरासरी दाखवतो, आणि साइन वेव्हची पूर्ण चक्रातली सरासरी शून्य असते. फार तर काटा बारीक थरथरतो. घाईत असलेल्या माणसाला ती थरथर दिसत नाही.

एसी रेंजवर मीटर मध्ये डायोड घालतो, त्यामुळे करंट एकाच दिशेने जातो आणि काटा हलतो. ही पट्टी आखताना साइन वेव्ह गृहीत धरलेली असते. म्हणून चौकोनी वेव्ह देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर खरा व्होल्टेज २३० असला तरी काटा २५५ च्या आसपास जाईल. मीटर बिघडलेला नसतो. त्याच्या गृहीतकात न बसणारी गोष्ट आपण त्याला विचारलेली असते.

शून्याची किती कारणं?

कागद घ्या आणि मोजा. सप्लाय खरंच नाही. नॉब चुकीच्या बाजूला आहे. लीडची तार प्लास्टिकच्या आत तुटली आहे. मीटरचा फ्यूज उडालाय. कॉईल जळली आहे. काटा अडकला आहे. प्रोबच्या टोकावर किंवा टर्मिनलवर थर चढलाय. हे शेवटचं आमच्याकडे जास्त. एका बाजूला खाडी, आसपास मिठागरं, खारी हवा. धातूवर गंज चढायला वेळ लागत नाही.

सात कारणं झाली. त्यातल्या फक्त एका कारणात हात लावणं सुरक्षित आहे.

म्हणून जगभरातले जाणते वायरमन तीन पायऱ्यांनी तपासतात:

१. आधी मीटर नक्की चालू असलेल्या सप्लायवर लावा. बरोबर वाचन आलं पाहिजे.
२. मग नॉब आणि लीड यांना न छेडता ज्यावर काम करायचं तिथे लावा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही जोड्या तपासा.
३. शून्य आलं तर पुन्हा पहिल्या चालू सप्लायवर जा. मीटर अजून जिवंत आहे ना, ते पाहा.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. पण दुसऱ्या पायरीच्या वेळीच लीड तुटली असेल तर? ते फक्त तिसरी पायरीच सांगते. मामांना यातलं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण पंख्याचं सॉकेट त्यांना बरोबर आठवलं.

हात लावण्याआधी

- मीटर सपाट ठेवा. काहीही न जोडता काटा शून्यावर आहे का पाहा. नसेल तर पुढच्या बाजूचा छोटा स्क्रू हळूच फिरवून आणा.
- लीडवर चिरा असतील तर चिकटपट्टी लावून चालवू नका, नवीन घ्या.
- आधी एसी की डीसी ठरवा, मग रेंज. अंदाज नसेल तर सगळ्यात मोठ्या रेंजपासून खाली या. रेंज बदलताना प्रोब सर्किटवरून उचला.
- काळ्या लीडला क्रोकोडाईल क्लिप लावून ती आधी न्यूट्रलला अडकवा, मग लाल प्रोब एका हाताने लावा. काढताना आधी लाल. दुसरा हात शक्यतो मोकळा आणि मागे. करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर जाण्याचा रस्ता त्यामुळे बंद होतो.
- अंगठी, कडं, घड्याळ काढा. पायात कोरडे रबरी तळाचे बूट. पावसाळ्यात लादी ओली असेल तर काम उद्यावर ढकला.
- एकट्याने करू नका. सोबतच्या माणसाला मेन स्विच कुठे आहे ते आधी दाखवून ठेवा.

"आमच्याकडे आरसीसीबी आहे" यावर विसंबू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी करंट जमिनीकडे गळला तर ट्रिप होतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक साधा बल्ब आहात.

रेंज निवडताना काय गमावतो?

आता थोडं गणित. मीटरच्या डायलच्या कोपऱ्यात २० किलो-ओहम प्रति व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ १० व्होल्टच्या डीसी रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध २०० किलो-ओहम, आणि ५० च्या रेंजवर १ मेगा-ओहम.

समजा, १० व्होल्टच्या सप्लायवर १००-१०० किलो-ओहमचे दोन रेझिस्टर ओळीने जोडलेत. एकावरचा व्होल्टेज अर्थातच ५. पण १० च्या रेंजवर मोजा, काटा ४ दाखवेल, कारण मीटरचे २०० किलो-ओहम त्या रेझिस्टरला समांतर जोडले गेले. ५० च्या रेंजवर उत्तर ४.७६ होतं. १० मेगा-ओहमचा डिजिटल मीटर ४.९८ दाखवेल.

मग मोठीच रेंज का नको? कारण या मीटरची अचूकता पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत असते. ३ टक्के अचूकता म्हणजे ५० च्या रेंजवर कुठेही अधिक-उणे १.५ व्होल्ट. ४.७६ च्या वाचनाला १.५ ची चूक! साधारण नियम असा की काटा पट्टीच्या उजव्या दोन-तृतीयांशात असावा. पण सर्किटचा रोध मोठा असेल तर हा नियम लोडिंगशी भांडतो, आणि तडजोड तुम्हाला करावी लागते. केलेली तडजोड वहीत लिहा. नुसता आकडा नको. मीटर, रेंज आणि प्रति व्होल्ट रोध हे तिन्ही लिहा.

वाचताना पट्टीमागच्या आरशात काट्याचं प्रतिबिंब दिसतं. ते काट्याच्या बरोबर मागे लपलं की तुमचा डोळा सरळ आहे. तिरकं बघून घेतलेली वाचनं पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने सरळ होत नाहीत.

दोन रेंज, जिथे मीटर जळतात

*ओहम.* इथे मीटर स्वतःच्या बॅटरीने करंट सोडतो. म्हणून सर्किटचा सप्लाय बंद आणि कॅपॅसिटर रिकामे असलेच पाहिजेत. दोन्ही प्रोब टेकवून झिरो ॲडजस्टने काटा शून्यावर आणा. प्रत्येक रेंज बदलली की पुन्हा. पट्टी उलटी आहे, शून्य उजवीकडे. आणखी एक गंमत: बहुतेक काट्याच्या मीटरमध्ये ओहमवर काळ्या लीडला बॅटरीचं धन टोक येतं, त्यामुळे डायोड तपासताना डिजिटलची सवय असलेले फसतात. नाजूक सॅम्पल असेल तर सर्वात छोटी रेंज टाळा. आत ३ व्होल्ट आणि पट्टीचा मध्य २० ओहम असेल तर प्रोब टेकवल्यावर १५० मिलिअँपिअर वाहतात. पातळ थराचं सॅम्पल तेवढ्यात संपतं.

*करंट.* करंट मोजताना मीटर सर्किटमध्ये ओळीने बसतो, म्हणून त्याचा रोध मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो. नॉब करंटवर ठेवून प्रोब सॉकेटमध्ये घालणं म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये तार टाकणं. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल. मेन्सचा करंट हवा असेल तर क्लॅम्प मीटर आणा. काम झालं की नॉब ऑफवर किंवा सर्वात मोठ्या एसी व्होल्टवर ठेवायची सवय लावा, पुढच्या माणसाच्या जिवासाठी.

कधी वापरू नये?

मीटरवर कॅट २, कॅट ३ अशी खूण असते. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं, कॅट ३ म्हणजे इमारतीचं पक्कं वायरिंग आणि वितरण बोर्ड. बोर्डाजवळ शॉर्ट झाला तर कितीतरी मोठा करंट मिळतो आणि मीटर हातात फुटू शकतो. स्वस्त काट्याच्या मीटरवर अशी खूण नसेल तर तो लॅबच्या टेबलावरच्या कमी व्होल्टच्या सर्किटसाठी ठेवा. गाळ्यातल्या थ्री फेज बोर्डावर दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास असतात. तिथे आपण नाही, परवानाधारक वायरमन. खरं सांगायचं तर त्या दिवशी मोटरच्या टर्मिनललाही मी जायला नको होतं.

मग तो कपाटात का आहे?

१९२३ मध्ये ब्रिटिश पोस्ट ऑफिसमधले अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा ॲव्होमीटर बाजारात आला. आपल्याकडे नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मीटर कॉलेजच्या जुन्या लॅबमध्ये अजून सापडतील. कॅपॅसिटर चार्ज होताना काट्याची चाल, व्होल्टेजचं हळूहळू सरकणं हे डोळ्यांना चटकन दिसतं. व्होल्टेज मोजायला त्याला बॅटरी लागत नाही. आणि तो आपल्या मर्यादा लपवत नाही. डिजिटलवर ४.९८ दिसलं की आपण प्रश्न विचारणं थांबवतो.

संशोधनात तुम्हाला शून्य खूप वेळा मिळेल. सेन्सरने प्रतिसाद दिला नाही, सॅम्पलमध्ये काही सापडलं नाही, फरक पडला नाही. गाइडकडे "सर, काही नाही आलं" म्हणून जाण्याआधी एक काम करा. जिथे उत्तर येणारच हे माहीत आहे, अशा सॅम्पलवर तेच उपकरण, त्याच सेटिंगवर, आधी आणि नंतर चालवून बघा. शोधनिबंधात याला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात. आमच्या गाळ्यात त्याला पंख्याचं सॉकेट म्हणतात.

पुढच्या लेखात वाचनाची अनिश्चितता वहीत कशी मांडायची ते पाहू. तोवर मीटर हातात घ्या, आणि आधी नॉब कुठे आहे ते बघा.